रांगोळीत काढलेलं मल्टीजिम

तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्या तीस वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडलेले शब्द म्हणजे "गप्प बसा". पहिलीतल्या पोरांना गप्प बसवता बसवता माझे स्वतःचेच कान किटले होते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर काय करायचं हे माझं फार आधी ठरलेलं होतं. मला आवाज करायचा होता. मोठ्ठा, छातीत घुमणारा, खिडक्यांची तावदानं थरथरवणारा आवाज. निरोपसमारंभातला नारळ घरी फोडून संपायच्या आत मी ढोलपथकात नाव घातलं.

यात एक अडचण होती आणि ती माझ्याच घरात राहत होती. आमचे हे. हडपसरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात अख्खी नोकरी केलेले, शिसपेन्सिलीला टोक काढल्याशिवाय वाणसामानाची यादीसुद्धा न करणारे, आणि दर गणपतीत ढोलताशांच्या आवाजाविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिणारे. दर वर्षी, न चुकता! त्यातली काही वाचकांच्या पत्रांत छापूनही आली. छापलेली, न छापलेली, सगळ्यांच्या प्रती सुतळीने बांधून आमच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या होत्या. अशा माणसाला मी सांगितलं की मी ढोल वाजवणार आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे? कमरेला बांधून."

"तसं नाही. कोणत्या चौकात? म्हणजे त्या दिवशी मी कुठे नसावं हे मला ठरवता येईल."

बास, एवढंच. आमच्याकडे भांडणं अशीच होतात, एका वाक्यात आणि चहाच्या आधी.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली, ती आधी सांगून टाकते. सरावात नवशिक्यांना ढोल खाली ठेवूनच शिकवतात. तिथे मी जाम खूश होते. ठेका चुकत नव्हता, हात चालत होता, शेजारची कॉलेजातली मुलगी माझ्याकडे बघून ठेका पकडत होती. मग आली चतुर्थीची सकाळ. ढोल कमरेला बांधला. मिरवणूक निघाली. पाऊण तास झाला नसेल तर माझी पाठ अशी धरली की मला सरळही होता येईना आणि वाकताही येईना. शेवटी मी ढोल सोडला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. समोरून माझं पथक पुढे निघून गेलं, माझ्याशिवाय, तितक्याच जोरात.

पथकाची प्रमुख माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे. दिवसा आयटीत नोकरी, संध्याकाळी पथक. ती धावत माझ्याजवळ आली, वाकून म्हणाली, "काकू, डोन्ट माइंड हं. तुमचा ठेका एकदम परफेक्ट आहे. फक्त स्टॅमिनाचा इश्यू होतोय. पुढच्या वर्षी तुम्ही पाण्याचं बघाल का? पाणीवाली टीमपण तेवढीच इम्पॉर्टंट असते."

पाणी! तीस वर्षं शाळेत "बाई, पाणी पिऊन येऊ?" ऐकलं, आणि आता म्हातारपणी मीच पाणी वाटू? डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगते. पण पोरगी चुकीचं बोलत नव्हती. पथकाचा नियम सगळ्यांना सारखा होता. सराव सुरू झाला की दुसऱ्या आठवड्यात चाचणी. ढोल कमरेला बांधायचा आणि एक तास वाजवायचा, मधे सोडायचा नाही. सोडला तर त्या वर्षी रांगेत जागा नाही. त्या पहिल्या वर्षी माणसं कमी होती म्हणून मला चाचणी न घेताच उभं केलं होतं. तसं परत होणार नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, पाठ दाबून बघितली आणि म्हणाल्या, "तुमच्या पाठीला काहीसुद्धा झालेलं नाही. ताकद नाहीये, इतकंच. वजनं उचला."

"मी रोज सारसबागेपर्यंत चालते," मी जरा फुशारकीने म्हटलं.

"छान आहे. पण तुम्हाला सारसबाग उचलायची नाहीये. ढोल उचलायचाय."

मग मी जिमला गेले. आमच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंतच माझा व्यायाम झाला होता. आत सगळी शेजारच्या अभ्यासिकेतली, स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी पोरं. मला बघितल्याबरोबर एकजण बाकावरून उठून "बसा ना काकू" म्हणाला, अगदी बसमध्ये जागा देतात तसा. दुसऱ्याने मी हात लावायच्या आत डंबेल उचलून माझ्या हातात दिलं. अरे बाबा, तेवढंच तर मला करायचं होतं! शिकवणाऱ्याने विचारलं, "काकू, वेट लॉस?" मी म्हटलं, "नाही, ढोल." त्याने गाण्याचा आवाज कमी केला आणि परत विचारलं, "काय?" मी परत सांगितलं. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी गेलेच नाही.

घरी येऊन सोफ्यावर बसले आणि सगळा राग ह्यांच्यावर काढला. तुमची पत्रं लागली माझ्या ढोलाला, असंही म्हणाले. हे ऐकत होते. मग म्हणाले, "मग घरीच आणू एखादं यंत्र."

मला वाटलं चेष्टा करतायत. "तुम्हाला चालेल?"

"मला ढोल चालत नाही. यंत्राबद्दल माझं काही म्हणणं नाही."

आणि मग ह्यांच्या अंगातच आलं. निवृत्त झाल्यापासून या माणसाला मापं घ्यायला काही उरलं नव्हतं. एकाच बैठकीवर पाच-सहा व्यायाम करता येतील असं आटोपशीर मल्टीजिम हवं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. वरून दांडा खाली ओढायचा तो पाठीसाठी, छातीसमोरून ढकलायचं ते हातांसाठी, पायाने रोलर उचलायचा तो मांड्यांसाठी, आणि खालच्या दोरीने ओढायचं ते कमरेसाठी. ढोलाला हे सगळं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. तीन अटी घातल्या. वजन बदलायला चकत्या काढायघालायला लागू नयेत, नुसती पिन सरकवून मला एकटीला बदलता यावं. वजन थोडं थोडं वाढवता यावं, एकदम उडी नको. आणि वजनं खाली येताना आपटू नयेत.

"का? खालच्यांना त्रास होईल म्हणून?"

"मला त्रास होईल म्हणून," हे म्हणाले.

रविवारी स्कूटरवरून आम्ही विश्रांतवाडीला गेलो. आळंदी रस्त्याला एका गोडाऊनमध्ये सगळ्या प्रकारची यंत्रं मांडून ठेवलेली असतात असं ह्यांनी शोधून काढलं होतं. मी पंजाबी ड्रेस, सरावाचे बूट. ह्यांच्या खिशात मेजरटेप, कानावर पेन्सिल. विक्रेता चांगला तरतरीत गृहस्थ होता, पण त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं आज कोण आलंय ते.

"साहेब, हे मॉडेल एकदम कॉम्पॅक्ट आहे."

"कशाच्या मानाने?"

"म्हणजे... घराच्या मानाने."

"कोणाच्या घराच्या?"

तो हसला. मग म्हणाला, "आणि साहेब, फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी."

"कोणाच्या लाइफची? यंत्राच्या, माझ्या का तुमच्या?"

मी तोंडाला ओढणी लावून हसत होते. पण मला आत कुठेतरी गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या आणि त्या ह्यांच्या बोलण्यामुळे नव्हत्या. चहूबाजूंनी लोखंड, दोऱ्या, पुल्या, काळ्या चकचकीत वजनांच्या चळती. जत्रेतल्या पाळण्यांसमोर उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं. कुठल्यात आधी बसू?

पहिल्या यंत्राने माझी ओढणी खाल्ली. ती सोडवून घेतली. दुसऱ्याची बैठक एवढी मागे की माझा हात दांड्याला पोचेना, मी नुसतीच मुंबईच्या दिशेने हात करून बसलेली. तिसऱ्यात बसले, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. आणि काय सांगू! माझ्या पाठीमागे वजनांची अख्खी चळत सुळ्ळकन वर गेली. आवाज नाही, धक्का नाही. मी सोडलं तर तशीच खाली आली, मांजर उतरावं तशी. मी "अय्या!" म्हणून किंचाळले. गोडाऊनमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"अहो, बघितलंत? मी उचललं!"

"बघितलं."

"परत बघा!"

मी परत ओढलं. परत ओढलं. पिन काढून एक घर खाली लावली आणि परत ओढलं. हसता हसता माझा दम निघून गेला, पण हात थांबेना. या वयात आपण एवढं काहीतरी वर नेऊ शकतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! हे मोजत होते. "दहा. अकरा. बारा. पुरे. अगं पुरे, ते विकत घ्यायचंय, मोडायचं नाहीये."

एकच गोष्ट खटकली. बैठकीवर बसलं की माझे पाय जमिनीला पोचत नव्हते, चांगले वीतभर लोंबत होते. हे खाली वाकले, टेपने माप घेतलं आणि तक्त्यात लिहिलं, "पाट". मग ते पुलीच्या दोरीची जाडी बघायला यंत्राखाली आडवे झाले. त्यांचे फक्त बूट बाहेर दिसत होते आणि आतून प्रश्न येत होते. विक्रेत्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, साहेब मिलिटरीत होते का?"

यंत्र ठरलं, पण ह्यांनी लगेच मागणी नोंदवली नाही. कागदावर बसतं म्हणजे घरात बसेलच असं नाही, हे त्यांचं जुनं मत. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, बाहेरच्या खोलीत दार आणि खिडकीच्या मधे शोकेस होती. शोकेस आत सरकवली. मग ह्यांनी जाहीर केलं की यंत्राचा आराखडा पूर्ण मापात जमिनीवर काढायचा आणि चार दिवस त्याच्यासोबत राहून बघायचं. खडू आमच्या जुन्या फरशीवर उठेना. तेव्हा मीच म्हटलं, रांगोळीने काढू.

असं कधी झालं नसेल! मी उकिडवी बसून चिमटीतून रेघ सोडतेय आणि हे बाजूला उभे राहून काटकोन तपासायचा गुण्या धरून "जरा डावीकडे, अजून पाव इंच" करतायत. "रेघेची जाडी किती पडतीये तुझी?" म्हणे. मी म्हटलं, "सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं." बैठक काढली, वजनांची चळत काढली, रोलर, दोन पुल्या, आणि पाय वर उचलल्यावर ते कुठपर्यंत जातील ती अर्धगोल तुटक रेघसुद्धा. उत्साहाच्या भरात मी कडेला दोन कमळं काढली. ह्यांनी ती पुसायला लावली. "ड्रॉइंगमध्ये नसलेली वस्तू नको."

नेमका चैत्र चालू होता. खालच्या मजल्यावरच्या वहिनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई! चैत्रांगण काढलंत? एवढं मोठ्ठं?" त्या चपला काढून भक्तिभावाने भोवती फिरायला लागल्या. "आणि कासव कुठेय?"

"कासव नाही, ती सीट आहे," हे म्हणाले.

"मग ही चक्रं?"

"पुल्या."

वहिनींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की आता ह्यांचं काय करायचं, बाई! मग करंडा उघडून दोन्ही पुल्यांवर चिमूट चिमूट हळदकुंकू वाहिलं. "काही का असेना, काढलंय ना मनापासून," म्हणाल्या आणि निघून गेल्या. दार लागल्याबरोबर मी फरशीवर लोळून हसले. हे मात्र गंभीर होते. आता उजवी पुली दोन इंच सरकवायची झाली तर कशी सरकवायची, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

चार दिवस आम्ही त्या रांगोळीला वळसा घालून राहिलो. हे चहाचा कप घेऊन तुटक रेघेच्या बाहेरून जायचे. मी रांगोळीतल्या बैठकीवर स्टूल ठेवून हवेतला दांडा ओढायचे. दार उघडतं का, खिडकी लागते का, केर काढता येतो का, सगळं तपासलं. सगळं बसत होतं. अक्षय्य तृतीयेला यंत्र घरी आलं.

दोन माणसं खोकी वर घेऊन आली आणि जोडणी करणारा कारागीर आला. दोन तास ठाकठूक. बैठक लागली, रोलर लागला, वजनं लागली, सगळं अगदी रांगोळीच्या रेघेत. हे कमरेवर हात ठेवून उभे, चेहऱ्यावर असं तेज की जसं यंत्र ह्यांनीच ओतलंय. आमरसाचं पातेलं मी टेबलावर आणून ठेवलं होतं. शेवटचा वरचा खांब, ज्याला दांड्याची पुली असते, तो उचलून कारागिराने जागेवर धरला आणि तो थांबला.

"काका, वर माळा आहे."

आम्ही दोघांनी वर बघितलं. खरंच वर माळा होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांनी स्वतः ड्रॉइंग काढून करून घेतलेला लाकडी पोटमाळा, पुढे पडदा लावलेला. इतकी वर्षं शोकेसच्या वर होता, त्यामुळे आम्हाला तो दिसायचाच बंद झाला होता. खांब त्याच्या फळीला दोन इंचांनी अडत होता.

"उंची मी वाचली होती," हे हळू आवाजात म्हणाले. "छत दहा फूट आहे म्हणून पुढे गेलो."

आयुष्यभर ड्रॉइंग काढलेल्या माणसाने जमिनीवरचा नकाशा पाव इंचात काढला आणि मान वर करून बघितलंच नाही! मी जी हसायला लागले ती थांबेचना. कारागीरही हसायला लागला. मी पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत म्हटलं, "अहो, रांगोळीला उंची नसते हो!"

हे हसले नाहीत. कारागिराने फोन लावून विचारलं. बुटकं मॉडेल होतं, बदलून मिळालं असतं, पण कंपनीकडून यायला आषाढ उजाडला असता. आषाढात तर सराव सुरू. म्हणजे चाचणीच्या आधी माझ्या हातात काहीच नाही. माझं हसू तिथेच संपलं. मला एकदम ती बंद दुकानाची पायरी आठवली, पुढे जाणारं पथक आठवलं, आणि काही कळायच्या आत मी रडायलाच लागले. तीन माणसांसमोर, आमरसाच्या पातेल्याशेजारी, मुसमुसून. मला माझीच लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं.

हे वळले. आत गेले, स्टूल आणलं, त्यावर चढले आणि माळ्यावरचं एकेक सामान खाली द्यायला लागले. पितळी घंगाळ, जुनी सुटकेस, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, आणि सुतळीत बांधलेला पत्रांचा गठ्ठा. मग कानावरची पेन्सिल काढली, फळीवर चौकोन आखला आणि कारागिराला म्हणाले, "माझी करवत द्या जरा. ती काय, खिडकीत."

"काका, मी कापतो की."

"नको. फळी माझी आहे."

स्वतःच्या हाताने त्यांनी आपल्या पोटमाळ्याला खाच पाडली. भुसा त्यांच्या केसांवर, चष्म्यावर, थोडा आमरसावरही पडला. खांब वर गेला आणि खाचेत असा बसला, जसा माळा त्याच्यासाठीच केला होता. माझे डोळे अजून ओले होते आणि मी परत हसत होते. मग कारागीर म्हणाला, "काकू, एकदा बसून बघा." मी बसले. पाय लोंबायला लागले.

पाट सापडेना. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं, पत्रांचा गठ्ठा उचलला, मापला आणि माझ्या पायाखाली सरकवला.

"अहो! कागद आहे! कागदाला पाय लावू मी?"

"विद्या नाहीये ती. तक्रार आहे."

तरीसुद्धा मी त्यावर जुनी सतरंजी घातली आणि नंतर पाटही सापडला, तो वरून ठेवला. व्यायाम झाला की वाकून त्या गठ्ठ्याला नमस्कार करायचे. हे बघून न बघितल्यासारखं करायचे.

पुढचे दोन-अडीच महिने मी नुसती तरंगत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी हे खुर्ची टाकून समोर बसायचे आणि मोजायचे. अर्धवट ओढलं तर तो आकडा धरायचे नाहीत. "अर्धाच आला. परत." वजनांच्या खाली जुन्या स्लिपरचे रबर कापून लावले होते, त्यामुळे वजनं टेकल्याचा आवाजच येत नसे. मला दंडात काहीतरी टणक लागायला लागलं, ते मी दिवसातून दहादा चाचपायचे. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन जिने चढायचे आणि वर पोचून उगाच परत खाली जायचे. लोणच्याची बरणी मुद्दाम घट्ट लावायचे, मग उघडायची मजा. गॅसचं सिलिंडर मी एकटीने सरकवलं तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "आता माझी काही गरज उरलेली नाही असं दिसतं." मी म्हटलं, "मोजायला कोण?"

चाचणीच्या दिवशी ढोल कमरेला बांधला आणि मला वाटलं कोणीतरी लहान ढोल दिलाय. तो तोच होता. पाऊण तासाला मी वाट बघत होते, आता पाठ धरेल, आता धरेल. नाही धरली! तास झाला, प्रमुखाने हात वर केला, सगळे थांबले आणि मी चार ठोके जास्तच वाजवून थांबले. पोरगी येऊन गळ्यात पडली. "काकू, काय खाता तुम्ही?" मी म्हटलं, "पत्रांवर पाय ठेवते." तिला काही कळलं नाही.

चतुर्थीला सकाळी हे नेहमीप्रमाणे माझ्या आधी घराबाहेर पडले. मी विचारलं नाही. दर वर्षी चौकापासून लांब कुठेतरी जाऊन बसतात, तसेच गेले असतील. मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, ध्वज, गुलाल नव्हता पण पाकळ्या होत्या, आणि मी दुसऱ्या रांगेत. छाती भरून आवाज येत होता, समोरच्या इमारतीची तावदानं थरथरत होती आणि त्यातला थोडा थरकाप माझा होता, मी केलेला! मी मोठमोठ्याने हसत वाजवत होते आणि कोणाला ऐकू जात नव्हतं.

पहिल्या विश्रांतीला कोणीतरी माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली. झाकण आधीच काढून ठेवलेलं. मी बाटली घेतली, वर बघितलं. पथकाचा बिल्ला लावलेले आमचे हे. दोन्ही कानांत कापसाचे मोठे बोळे, एवढे की बाहेर आले होते.

"तुम्ही?" मी ओरडले.

"काय?" ते ओरडले.

"तुम्ही इथे कसे?"

"पाणी आहे! पी!"

मला नंतर प्रमुखाने सांगितलं. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी हे तिला भेटायला गेले होते. म्हणाले होते, पाण्याची एक जागा रिकामी झाली आहे असं ऐकलं. ती मुलगी मला सांगताना हसत होती.

विश्रांती संपली. मी ढोल सोडलाच नव्हता. शेवटपर्यंत सोडला नाही. रांगेच्या कडेकडेने तो कापूस मला दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. दर वर्षीचंच. मी चहा ठेवला. कानात अजून गुणगुण चाललीये असं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. मग पत्र माझ्यापुढे सरकवलं, ऱ्हस्वदीर्घ बघायला. मी शिक्षिका ना, ते काम माझं.

"महोदय, यंदाही आमच्या भागात ढोलताशांचा आवाज असह्य होता. ज्येष्ठ नागरिकांना कानांत कापूस घालून वावरावे लागले," वगैरे सगळं होतं. आणि शेवटी, वेगळ्या परिच्छेदात: "तथापि, महिलांच्या दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या क्रमांकाच्या वादकाने दोन तास पाच मिनिटे ढोल खाली न ठेवता वाजविला व ठेका एकदाही चुकला नाही, याची नोंद व्हावी."

मी दोनदा वाचलं. अक्षरं धूसर व्हायला लागली म्हणून तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. "पाठवू का हे?" मी कसंबसं विचारलं.

"छे, पाठवायचं नाही," हे म्हणाले आणि चहाचा कप उचलला. "पाटाखालच्या गठ्ठ्यात ठेव. तुझे पाय अजून जरा लोंबतात."